गाडीवर बसवलेल्या जड हत्यारांचा धक्का: नियम नेमबाजाला लावायचा की गाडीला?

फासेबाज (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमचा पाच जणांचा गट दर रविवारी पुण्यात जमतो. गेलं वर्षभर गर्प्स ह्या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाची चौथी आवृत्ती चालू आहे आणि जीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी आहे. मोहीम १९८७ सालच्या, आफ्रिकेतल्या चाडमधली. लिबियाचं सैन्य रणगाडे घेऊन उत्तरेत बसलंय आणि चाडचे लोक टोयोटाच्या उघड्या पिकअपवर हत्यारं चढवून वाळवंटातून त्यांच्यावर चालून जातायत. २ जानेवारीला फाडा हे लिबियाच्या ताब्यातलं ठाणं पडलं, तिथून आम्ही सुरुवात केली. आमच्या गटाकडे एक लँड क्रूझर आहे आणि तिच्या हौद्यात .५० ची (अर्ध्या इंची) मशीनगन.

गर्प्स न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक बंदुकीला आरसीएल नावाचा आकडा असतो. तीन फासे टाकायचे. स्किलपेक्षा रोल जितका खाली येईल, त्या फरकात आरसीएल जितक्या वेळा बसेल तितक्या जादा गोळ्या लागतात. आरसीएल २ असेल आणि रोल ६ ने जमला, तर पहिली एक आणि वरच्या तीन, अशा चार. दुसरा आकडा ताकदीचा, म्हणजे एसटी. .५० मशीनगनचा एसटी २० आहे आणि पुढे 'एम' लावलेला आहे. 'एम' म्हणजे हत्यार तिवईवर किंवा गाडीवर बसवलं असेल तर एसटी बघायचाच नाही. एरवी आमच्या एसटी १० च्या नेमबाजाने ती हातात धरून चालवली असती तर सरळ उणे १०. गाडीवर शून्य.

इथपर्यंत सगळं बरोबर वाटतं. पण मागच्या रविवारी गटाने २३ मिमीची जोडनळीची विमानविरोधी तोफ जिंकली आणि त्याच पिकअपवर बसवली. नियमाप्रमाणे फरक काही नाही, 'बसवलेली' म्हणजे बसवलेली. त्यावर आमच्या मेकॅनिक कॅरेक्टरने विचारलं, "लिबियावाले तो टी-५५ रणगाडा सोडून पळालेत ना? त्याची १०० मिमीची तोफ काढून घेऊ या."

मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "कुठल्या नियमाने?" आणि माझ्याकडे दाखवायला नियम नव्हता. त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. जीएमच्या नकाराला टेबलावर सगळ्यांना दिसेल असा आधार हवा.

तुम्ही लोक काय करता?

सहा_फासे

आम्ही शॅडोरनची तिसरी आवृत्ती (१९९८) खेळायचो. तिथे एका फेरीत जेवढ्या गोळ्या सोडाल तेवढा टार्गेट नंबर (फाशावर लागणारा आकडा) वर चढतो, म्हणजे तीन गोळ्यांच्या बर्स्टला अधिक ३. गॅस व्हेंट, शॉक पॅड असल्या जोडण्यांनी त्यातला काही भाग कापला जातो. जड हत्यारांना पुढची अट अशी की कापून उरलेला धक्का दुप्पट धरायचा. हातात धरलेल्या मशीनगनला हे अगदी शोभतं.

गाडीवर बसवल्यावर आम्ही ती दुप्पट काढून टाकायचो, बाकी जसंच्या तसं. खेळायला सोपं होतं. पण तुमचा प्रश्न वाचून जाणवलं की आमचाही सगळा भार नेमबाजाच्याच डोक्यावर असायचा. खाली स्कूटर आहे की ट्रक, हे आम्ही कधी विचारलंच नाही.

निवृत्त_यांत्रिक

फासेबाज, तुमच्या मेकॅनिकने योग्य प्रश्न विचारला आहे. खेळ मला माझ्या मुलाने शिकवला, आयुष्य मात्र यंत्रांत गेलं. त्यामुळे मी त्या बाजूने सांगतो.

धक्का नाहीसा होत नसतो. गोळी जेवढा संवेग घेऊन पुढे जाते तेवढाच मागे येतो, त्यात दारूच्या वायूचाही वाटा असतो. खांद्यावरच्या बंदुकीत तो माणसात जिरतो. गाडीवरच्या हत्यारात तो आधी माउंटमध्ये (हत्यार ज्यावर बसवतात त्या बैठकीत) जातो, तिथून चॅसीत, मग स्प्रिंगांत, टायरांत आणि शेवटी जमिनीत. तुमच्या नियमातला 'एम' एवढंच सांगतो की माणूस ह्या साखळीतून बाहेर पडला. साखळीतल्या बाकीच्या कड्यांबद्दल तो गप्प आहे.

आता आकडे घेऊ. .५० ब्राउनिंगची गोळी सुमारे ४२ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ८९० मीटर. गुणाकार ३७ न्यूटन-सेकंद. वायूसाठी ह्याच्या दीडपट धरा, म्हणजे ५६. तुमच्या नियमात ती सेकंदाला ८ गोळ्या सोडते, खऱ्या बंदुकीचा वेगही मिनिटाला साधारण ४५० ते ६०० आहे. सरासरी जोर झाला सुमारे ४५० न्यूटन. माणसं आणि सामान धरून गाडी अडीच टनांची, तिचं वजन २५,००० न्यूटन. दोन टक्केसुद्धा नाही. गाडीला ती बंदूक समजतही नाही. त्यामुळे .५० पुरता तुमचा छापील नियम बरोबर आहे, तो बदलू नका.

आता २३ मिमी. गोळा सुमारे १९० ग्रॅम, वेग सुमारे ९७० मीटर, आणि दोन्ही नळ्या मिळून मिनिटाला सुमारे २,०००. तसंच गणित केलं की ९,००० न्यूटनांच्या आसपास जाता. तोफ स्वतःच साडेनऊशे किलोंची आहे, तेव्हा गाडी तीन टनांची धरू. वजनाच्या तीस टक्के! तेही जमिनीपासून पावणेदोन मीटर उंचीवर. आडवा मारा केलात तर गाडीला उलटवू पाहणारं बळ अंदाजे १५ किलोन्यूटन-मीटर येतं. दीड मीटर रुंदीच्या चाकांवर गाडी सावरून धरणारं बळ २२ च्या आसपास. गाडी उलटणार नाही, पण एका बाजूची चाकं हलकी होतील आणि हौद्यातल्या माणसांना कशाला तरी धरावं लागेल.

आणि ती १०० मिमी. गोळा जवळपास १६ किलो, वेग ९०० च्या थोडा खाली. दीडपट करून २१,००० न्यूटन-सेकंद. तोफच दोन टनांच्या घरात आहे, तेव्हा गाडी-तोफ मिळून चार टन धरले तर एका गोळ्यात गाडीला मागे सेकंदाला पाच मीटरचा वेग मिळतो. म्हणजे ताशी १८ किलोमीटर, एका झटक्यात. त्याआधीच माउंटचे बोल्ट चॅसी फाडून निघतील. हे त्या मुलाला दाखवा. तो मेकॅनिक आहे ना, त्याला पटेल.

फासेबाज

काका, हे वाचून मी दोनदा उठून फेऱ्या मारल्या. मला नेमकं हेच हवं होतं. एक शंका आहे. रणगाड्यात ती तोफ अशी बोल्टने घट्ट आवळलेली नसते ना? आतल्या आत सरकते. मग पिकअपवर ती सरकणारी यंत्रणाही काढून आणली तर? हा प्रश्न येत्या रविवारी येणार, याची मला खात्री आहे.

निवृत्त_यांत्रिक

येणारच, आणि यायलाच हवा.

१८९७ च्या फ्रेंच ७५ मिमी तोफेचं नाव ह्याच गोष्टीसाठी घेतलं जातं. तिच्याआधीच्या मैदानी तोफा प्रत्येक बारानंतर सगळ्या गाड्यासकट मागे उडायच्या. पुन्हा ओढून जागेवर आणायच्या, पुन्हा नेम धरायचा. ७५ मध्ये नळी एकटी मीटरभराहून जास्त मागे सरकते, तेल आणि दाबलेली हवा तिला रोखतात आणि परत पुढे ढकलतात. गाडा जागचा हलत नाही. म्हणून तिच्यातून मिनिटाला पंधरा गोळे सुटू शकायचे.

पण संवेग तेवढाच राहतो. यंत्रणा त्याला वेळ देते, त्यामुळे जोर कमी होतो आणि लोखंड फाटत नाही. २१,००० न्यूटन-सेकंद शेवटी गाडीतूनच जमिनीत जायचे आहेत. म्हणून नियमात असं धरा की सरकणारी यंत्रणा असेल तर माउंट तुटायचा धोका जातो, गाडी उसळायचा जात नाही. दोन्ही वेगळे ठेवा.

रानजाई

माझ्या मते ह्या धाग्यात एक माणूस राहून गेलाय, तो म्हणजे ड्रायव्हर.

मी गेली सहा वर्षं वेगवेगळ्या गटांत बहुतेक वेळा गाडी चालवणारं कॅरेक्टर घेते, मला ते मनापासून आवडतं. लढाई सुरू झाली की माझं काम एका वाक्यात संपतं: "मी गाडी थांबवते." पुढे अर्धा तास नेमबाज फासे टाकतो आणि मी बघते.

बॅटलटेक ह्या खेळात मेक, म्हणजे आत पायलट बसलेले अवाढव्य यंत्रमानव, लढतात. तिथे हेवी गॉस रायफल आहे. तिचा नियम मला आजही सगळ्यात हुशार वाटतो. मेक त्या फेरीत हलला असेल आणि त्याने ती डागली, तर पायलटिंगचा रोल करावा लागतो. चुकला की मेक आडवा. हलक्या मेकला तो रोल अवघड जातो, जड मेकला सोपा. नेमबाजीतून एक आकडासुद्धा कापलेला नाही. धक्का थेट गाडीला लागतो आणि त्याचं उत्तर चालवणारा देतो.

गर्प्समध्ये ह्यासाठी सगळं तयार आहे. प्रत्येक गाडीला हँडलिंग आणि एसआर असतो, म्हणजे हाताळणी आणि स्थिरता. कंट्रोल रोल आहे, म्हणजे गाडी आवरायला ड्रायव्हरने टाकायचे फासे. चालत्या गाडीवरून मारताना नेम धरल्याचे फायदेसुद्धा एसआरच्या वर जाऊ देत नाहीत. फासेबाजदादा, तुमचा २३ मिमीचा धक्का ड्रायव्हरच्या कंट्रोल रोलमध्ये टाका. नवा आकडा शोधायची गरजच पडणार नाही.

कोन_मापक

रानजाई +१.

काकांच्या आकड्यांवरून एक सूत्र सुचतंय. एका सेकंदात सोडलेल्या सगळ्या गोळ्यांचा संवेग घ्या, दीडपट करा, गाडीच्या वजनाने भागा. येईल तो 'धक्का वेग'. गर्प्सची फेरी एका सेकंदाचीच आहे, त्यामुळे छान बसतं. .५० ला ०.१८ येतो, २३ मिमीला ३ आणि १०० मिमीला ५. मग ह्या वेगाप्रमाणे कंट्रोल रोलला उणे आकडे लावू.

निवृत्त_यांत्रिक

कोन_मापक, दिशा बरोबर आहे, पण इथे थोडं थांबा. तुमच्या सूत्राने २३ मिमीचा एक सेकंदाचा बर्स्ट आणि १०० मिमीचा एक गोळा जवळजवळ सारखे दिसतात. प्रत्यक्षात ते मुळीच सारखे नाहीत. २३ मिमीचे छोटे छोटे तेहतीस धक्के येतात आणि प्रत्येक दोघांच्या मध्ये टायर जमीन धरून असतात. गाडी हळूहळू मागे वेग पकडत जात नाही. ब्रेक ओढलेला असेल तर रबर आणि वाळू तो जोर खातात. म्हणून फुल ऑटोला, म्हणजे सलग सुटणाऱ्या गोळ्यांना, वेग मोजू नका. सरासरी जोर वजनाच्या किती टक्के आहे ते बघा. एकेका गोळ्याच्या तोफेला मात्र वेगच मोजा, कारण तिथे जमिनीला उत्तर द्यायला वेळच मिळत नाही.

कोन_मापक

पटलं. सूत्र मागे घेतो. दोन मोजमापं, दोन प्रकारच्या हत्यारांसाठी.

ट्रॅकवर चालणाऱ्या गाड्यांना एक पायरी सूट द्यावी का? बुटक्या असतात, जमिनीला जास्त चिकटून असतात.

कासव_चिलखती

सूट देऊ नका, कारण शेरिडन.

अमेरिकेचा एम५५१ शेरिडन. विमानातून टाकता यावा म्हणून वजन १५ टनांच्या आसपास ठेवलं आणि तोफ बसवली १५२ मिमीची. त्याच नळीतून क्षेपणास्त्रही सुटायचं. क्षेपणास्त्र सोडलं तर काही नाही, पण साधा गोळा डागला की पुढची चाकं ट्रॅकसकट जमिनीवरून उचलली जायची आणि त्या दणक्याने क्षेपणास्त्राची नाजूक इलेक्ट्रॉनिक्स बिघडायची. ट्रॅक असून ही गत. कोन_मापक यांच्या मोजमापात घालून बघा: सुमारे १९ किलोचा गोळा, सुमारे ६८० मीटर वेग, दीडपट, भागिले १५,०००. सेकंदाला सव्वा मीटरच्या जवळ येतं.

नियम तपासायला हा चांगला मापदंड आहे. तुमचा नियम शेरिडनची पुढची चाकं उचलत नसेल तर तो चुकलाय.

आणि टी-५५ स्वतः ३६ टनांचा. तीच १०० मिमी तोफ त्याच्यावर घातली की ०.६ येतं. म्हणजे डुलतो, पण कामात खंड पडत नाही. तोफ तीच राहिली, खालची गाडी बदलली.

पानपतकर

मंडळी, मी जरा वेगळ्या वाहनाबद्दल विचारतो. आमची मोहीम १७६१ च्या पानिपतावर आहे. अब्दालीकडे उंटांवर बसवलेल्या हलक्या फिरत्या तोफा होत्या. जंबुरके म्हणा, सुतरनाळा म्हणा. खोगिरावर काटा, त्यावर फिरणारी नळी. उंट बसवायचा, बार काढायचा, उठवायचा आणि पुढे न्यायचा. आपल्याकडच्या कागदपत्रांतही सुतरनाळा आणि जेजाला (लांब नळीच्या जड बंदुका) जोडीने येतात.

इथे गाडी जिवंत आहे. धक्का पाठीच्या कण्यात जातो आणि आवाज कानात. तुमच्या मोजमापाने उंटाला फारसं काही होत नाही, कारण नळी लहान आणि जनावर पाच-सहाशे किलोंचं. पण माझ्या टेबलावर खरा प्रश्न धक्क्याचा नव्हता, उंट बसून राहील का, हा होता. मी जनावराच्या शिकवणुकीवर रोल ठेवला आणि उंट उभा असताना बार काढला तर त्या रोलला उणे ४. पहिल्याच लढाईत खेळाडू उंट बसवायला विसरले आणि सबंध रांग उधळली. त्यानंतर "आधी उंट बसवतो" हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी बसलं. नियमाने खेळाडूंना त्या काळातली रीत शिकवली, ह्याचा मला फार आनंद झाला.

रानजाई

पानपतकर, किती सुंदर! म्हणजे उंटवाला हाच ड्रायव्हर. तेच तत्त्व.

कथा_आधी

माझं मत थोडं वेगळं आहे, मोकळेपणाने मांडतो. काका आणि कोन_मापक यांच्या अभ्यासाबद्दल आदर आहे. पण रविवारी संध्याकाळी सहा वाजता, लढाई रंगात आलेली असताना, न्यूटन-सेकंदांचा गुणाकार करायला मला कोणी लावलं तर माझं मन त्या वाळवंटातून उठून थेट दहावीच्या वर्गात जाऊन बसेल. माझ्या टेबलावर मी नुसतं विचारतो: "ही तोफ ह्या गाडीला झेपेल असं वाटतं का?" सगळे मिळून ठरवतो. आजवर भांडण झालेलं नाही.

फासेबाज

कथा_आधी, तुमचं म्हणणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण आमच्याकडे भांडण झालं ते ह्याच पद्धतीने. पाच जणांपैकी दोघांना वाटलं झेपेल, दोघांना वाटलं नाही, आणि शेवटचं मत जीएमचं. हरलेल्यांना ती मनमानी वाटली.

पण लढाईत गणित नको, हे शंभर टक्के मान्य. म्हणून असं करतो. हिशेब एकदाच, गॅरेजमध्ये. गाडीवर हत्यार चढवलं की त्या दिवशी आकडा काढायचा आणि गाडीच्या शीटवर एक शब्द लिहून ठेवायचा. लढाईत फक्त तो शब्द वाचायचा.

कथा_आधी

एक शब्द असेल तर मी तुमच्या बाजूने. शब्द चांगला निवडा.

कासव_चिलखती

एक प्रकार राहिला, तो आपल्याकडे फार ओळखीचा आहे. रिकॉइललेस तोफ.

१९६५ च्या युद्धात खेमकरण भागात ४ ग्रेनेडियर्सच्या अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या १०६ मिमी रिकॉइललेस तोफेने पॅटन रणगाडे फोडले. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात पॅटन ठेवलेला आहे. त्याच्या समोर उभं राहून तेव्हाची साधी जीप डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हा नियम कशाबद्दल आहे ते अंगावर येतं. मी मुलीला घेऊन गेलो होतो, दोघंही बराच वेळ बोललो नाही.

एवढी मोठी तोफ एवढ्याशा जीपवर चालते, कारण नळीचा मागचा भाग उघडा असतो. गोळा पुढे जातो, वायू मागे, हिशेब जागीच मिटतो. गर्प्सच्या भाषेत हा आरसीएल १ चा प्रकार. तुमच्या मोजमापात तिची नोंद शून्य. पण तिची किंमत वेगळी द्यावी लागते: मागे आगीचा लोळ आणि धुळीचा ढग. मागे उभा असलेला माणूस मरू शकतो. आणि शत्रूला तुमची जागा कळते, म्हणून एक-दोन गोळे मारले की जीप हलवायचीच.

फासेबाज, तुमच्या मेकॅनिकला १०० मिमी हवी आहे ना? त्याला १०६ रिकॉइललेस शोधू द्या. गाडीला झेपते. मात्र हौद्यात मागे कोण बसतं ते आधी ठरवा.

अमेरिकेच्या ऑन्टोसवर अशा सहा तोफा होत्या, साडेआठ-नऊ टनांच्या गाडीवर. धक्का नाही, पण पुन्हा भरायला माणसाला गाडीबाहेर उतरावं लागायचं. खेळात ह्याहून चांगला पेच मला तरी सुचत नाही.

मावळा_टोरांटो

इथे कॅनडात आमचा चार मराठी लोकांचा ऑनलाइन गट आहे, मध्यरात्री खेळतो. अवांतर होईल, पण विमानाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ए-१० विमानातल्या ३० मिमी तोफेचा सरासरी धक्का सुमारे १०,००० पौंड आहे, ४५ किलोन्यूटन. त्या विमानाचं प्रत्येक इंजिन साधारण ९,००० पौंडांचा रेटा देतं. म्हणजे तोफ चालू असताना एका इंजिनाएवढं बळ उलट्या दिशेला. ती मध्यरेषेपासून जराशी जरी सरकली असती तर विमानाचं नाक वळलं असतं. म्हणून डागणारी नळी बरोबर मध्यावर येईल अशी तोफ बसवली आणि नाकाचं चाक एका बाजूला सरकवलं.

नियमासाठी ह्यातून एक घ्या: दिशा. धक्का गाडीच्या मध्यातून मागे जातोय की बाजूने, ह्याने खूप फरक पडतो. २३ मिमी पुढे तोंड करून मारली तर गाडीची सगळी लांबी सावरायला आहे. आडवी मारली तर फक्त रुंदी.

फासेबाज

सगळ्यांचं घेऊन मसुदा करतोय. दोष दाखवा.

गॅरेजमध्ये हिशेब: एकेक गोळा सुटणाऱ्या तोफेसाठी गोळ्याचं वजन गुणिले वेग गुणिले दीड, भागिले लादलेल्या गाडीचं वजन. फुल ऑटोसाठी सरासरी जोर गाडीच्या वजनाच्या किती टक्के. रिकॉइललेस आणि क्षेपणास्त्र शून्य.

०.१ च्या खाली किंवा ५ टक्क्यांच्या खाली असेल तर गाडी गप्प. छापील नियम जसाच्या तसा. .५० इथे येते.

त्यावर ०.७ पर्यंत किंवा २० टक्क्यांपर्यंत गाडी डुलती. प्रत्येक बारानंतर धरलेला नेम जातो, पुन्हा धरावा लागतो. गाडी चालू असेल तर ड्रायव्हरला कंट्रोल रोल. टी-५५ स्वतःच्या तोफेने इथे.

त्यावर दीडपर्यंत किंवा ४० टक्क्यांपर्यंत गाडी उसळती. वरचं सगळं, शिवाय आरसीएलमध्ये १ ची भर आणि गाडी उभी असली तरी कंट्रोल रोल. आडवा मारा असेल तर त्या रोलला उणे ३. हौद्यात उभ्या असलेल्या प्रत्येकाला डीएक्स (चपळाई) रोल, चुकला तर पडला. शेरिडन इथे, आणि आमची २३ मिमीची पिकअपही इथे.

त्याच्या वर गेलं तर झेपत नाही. सरकणारी यंत्रणा नसेल तर माउंट पहिल्याच बाराला उखडतो. असेल तर माउंट टिकतो, पण गाडी आवरता येत नाही आणि आडव्या माऱ्याला उलटते.

निवृत्त_यांत्रिक

चांगलं जमलंय. दोन गोष्टी घाला. गाडीला खाली टेकवायचे पाय किंवा जॅक लावले तर एक पायरी खाली, पण मग गाडी हलवायला वेळ जातो. आणि नळीच्या तोंडाला मझल ब्रेक (वायू बाजूला वळवून धक्का कमी करणारी जोडणी) असेल तर हिशेबातला दीड काढून टाका, पण बाजूला उभ्या असलेल्यांच्या कानांचे हाल आणि पुढे धुळीचा पडदा. फुकट काही देऊ नका.

रानजाई

माझी एक मागणी. उसळत्या गाडीचा कंट्रोल रोल चांगला जमला, समजा ५ किंवा जास्तने, तर ड्रायव्हरला नेमबाजाला काही देता आलं पाहिजे. धक्का यायच्या क्षणी क्लच आणि ब्रेक सांभाळून गाडी धरून ठेवली, तर ते वाढलेलं आरसीएल १ परत जावं. नाहीतर ड्रायव्हरच्या वाट्याला फक्त शिक्षा येते.

फासेबाज

दोन्ही घेतलं. रविवारी खेळून सांगतो.

फासेबाज

खेळलो. लिहायला उशीर झाला, कारण सेशन रात्री साडेदहापर्यंत लांबलं.

आधी गॅरेज. काकांचा १०० मिमीचा हिशेब मेकॅनिकच्या खेळाडूपुढे ठेवला. त्याने कॅल्क्युलेटर काढून स्वतः पुन्हा केला, ५ च्या पुढे गेला आणि म्हणाला, "नाही झेपत." बस. ज्यावर मागच्या वेळी पाऊण तास गेला होता ते दहा मिनिटांत संपलं. मग त्याने टी-५५ मधून तोफेऐवजी जॅक, लोखंडी पट्ट्या आणि बॅटऱ्या काढल्या आणि २३ मिमीच्या पिकअपला टेकू बनवले. शीटवर 'उसळती' लिहिलं होतं, त्याखाली कंसात 'टेकू लावले तर डुलती'.

लढाई एका कोरड्या नदीपात्रात झाली. समोरून तीन ट्रक आणि एक चिलखती गाडी. टेकू लावायला दोन माणसांना सहा सेकंद लागणार होते आणि गटाने ते घेतले नाहीत. ड्रायव्हरच्या खेळाडूने विचारलं, "गाडीचं तोंड त्यांच्याकडे करू का?" वर्षभरात पहिल्यांदा त्याने लढाईच्या मध्ये नेमबाजाला प्रश्न विचारला. तोंड वळवायला एक फेरी गेली. पहिला बर्स्ट सरळ पुढे. कंट्रोल रोल ६ ने जमला, रानजाईंचा नियम लागला, आरसीएल परत २. पहिला ट्रक संपला.

चिलखती गाडी डावीकडून आली. वळायला वेळ नव्हता, नेमबाजाने तोफ आडवी फिरवली. रोलला उणे ३. ड्रायव्हरने फासे हातात धरले आणि टेबलावर कोणी बोलेना. रोल दोनने चुकला. उजवीकडची चाकं... म्हणजे डावीकडे मारा, तेव्हा डावीकडची उचलली, गाडी उजव्या अंगावर कलली, हौद्यातला दारूगोळा देणारा डीएक्स रोल चुकून वाळूत पडला. एसआर चांगला होता म्हणून गाडी उलटली नाही. पुढच्या फेरीत नेमबाज मारा करू शकत होता, पण पडलेला माणूस नेमका कललेल्या बाजूला होता. ड्रायव्हर म्हणाला, "आता मारू नकोस, मी गाडी पुढे घेतो."

नेमबाजाने मारलं नाही. चिलखती गाडीने त्या एका सेकंदात त्यांचं इंजिन फोडलं. माणूस वाचला, गाडी गेली. आता ते चौघं पायी आहेत, आणि मेकॅनिक पुढच्या रविवारी १०६ कुठे मिळेल ते शोधायला निघालाय.

काका, एक शंका उरली आहे. वाळूत टायरची हवा कमी केलेली असेल तर डुलणं वाढेल की कमी होईल? ड्रायव्हरने विचारलंय.

निवृत्त_यांत्रिक

दोन्ही होईल. मऊ टायर एकेका झटक्याची धार मारतो आणि वाळूवर पकडही वाढवतो, त्यामुळे गाडी मागे कमी सरकते. पण बाजूला जास्त दबतो, म्हणून आडव्या माऱ्याला गाडी जास्त कलते. पुढे मारताना अधिक १ द्या, आडवं मारताना उणे १. आणि त्या ड्रायव्हरला माझा नमस्कार सांगा.